तळ्यात-मळ्यात: ॲम्फिकार ७७० पुन्हा पाण्यात उतरवताना

पान्हापकड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जुन्या गाड्यांच्या धाग्यावर मी मध्ये "आमच्याकडे एक गाडी आहे, ती पोहते" असं लिहून पळ काढला होता. त्यावर काहींनी खरडवहीत येऊन झाडलं, की असं अर्धवट टाकून जाऊ नकोस, वेगळा धागा काढ. तर हा घ्या.

गाडी आहे ॲम्फिकार, मॉडेल ७७०. जर्मनीतल्या क्वांट उद्योगसमूहाने ती १९६१ पासून बांधली. मुख्य उत्पादन १९६५ पर्यंत चाललं आणि शिल्लक सुट्या भागांतून त्यानंतरही काही गाड्या जुळवल्या गेल्या. एकूण आकडा ३,८७८ सांगतात. रचना हान्स ट्रिपेलची. या गृहस्थाला १९३० च्या दशकापासून एकच वेड: गाडी पाण्यात चालली पाहिजे. युद्धकाळात त्याने जर्मन सैन्यासाठी अशा गाड्या केल्या आणि युद्ध संपल्यावर तेच वेड सुट्टीवर निघालेल्या कुटुंबासाठी वापरलं. उघडं टप, मागे शेपट्यांसारखे दोन पंख, चार माणसांची जागा. बहुतेक गाड्या अमेरिकेत विकल्या गेल्या.

इंजिन ट्रायम्फ हेराल्ड १२०० चं, ११४७ सीसी, ३८ अश्वशक्ती, आणि ते मागे. गीअरबॉक्स दोन कामांचा: रस्त्यासाठी चार पुढचे आणि एक रिव्हर्स, पाण्यासाठी वेगळा दांडा, त्यात पुढे आणि मागे. मागच्या बंपरखाली नायलॉनचे दोन पंखे. वेगळं सुकाणू नाही, पुढची चाकंच सुकाणूचं काम करतात. वजन १,०५० किलोच्या आसपास.

आता मुद्द्याचं. ही गाडी बघितली की प्रत्येकजण पहिल्यांदा दाराकडे बोट दाखवतो: "इथून पाणी येत नाही का?" येतं, थोडं. त्यासाठी पंप आहे. या गाड्या बुडून फार कमी मेल्या. त्यांना मारलं ते आत येऊन तिथेच राहिलेल्या पाण्याने. बूड साध्या पोलादी पत्र्याचं, त्याला आतून मजबुतीसाठी पेटीसारखे बंद भाग. त्या बंद भागांत शिरलेला ओलावा उन्हाळ्यातसुद्धा वाळत नाही. बाहेरून रंग तुकतुकीत आणि आतून पत्र्याची चाळणी.

आमच्या हाती आली तेव्हा नेमकं हेच होतं. आधीच्या कुठल्याशा वर्कशॉपने बुडाला फायबरग्लासचा थर चढवून वर काळा डांबरी रंग फासला होता. दिसायला एकदम भक्कम. पुढच्या चाकाच्या कमानीपाशी स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं. फायबरग्लास पोलादाला कायमचा धरून राहत नाही. पत्रा थंडीउन्हात आकसतो-पसरतो, थर सुटतो, आणि मधल्या फटीत पाणी कोंडतं. म्हणजे ज्याने गंज झाकला त्याने तो पोसला.

मग सगळं उतरवलं. इंजिन, गीअरबॉक्स, काचा, सीट, वायरिंग, पेट्रोलची टाकी (ती पुढे असते, स्टेपनीच्या शेजारी). रिकामं टरफल फिरत्या चौकटीवर चढवलं, म्हणजे बूड वर करून उभ्याने काम करता येतं. रंग काढताना मोठ्या सपाट पत्र्यांवर वाळूचा मारा करू दिला नाही. पातळ पत्रा त्याने ताणला जातो आणि लाटा येतात, त्या पुन्हा बसत नाहीत. सपाट भागांना सोड्याचा मारा आणि हाताने घासणं. वाळू फक्त जाड कोपऱ्यांपुरती.

नवा पत्रा जुन्यावर चढवून जोडायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. एकावर एक पत्रा ठेवला की दोघांच्या मध्ये ओलाव्याला घर मिळतं. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, तेवढ्याच मापाचा तुकडा कडेला कड लावून बसवायचा आणि वेल्डिंगचा टाका सलग मारायचा. सलग म्हणजे एका दमात नव्हे. बोटभर इथे, बोटभर तिथे, पत्रा थंड होऊ द्यायचा, मग मधल्या जागा भरत यायचं. एका दमात ओढला की पत्रा वाकडा झालाच.

बाकी प्रश्न विचारा, तसं लिहितो.

निळीशाई

वाचतेय. शीर्षक आवडलं. फोटो कुठे आहेत?

चिकित्सक

छान. पण एक मूलभूत शंका. रस्त्यावर गाडी म्हणून मंद, पाण्यात बोट म्हणून मंद. इतका खटाटोप करून हाती काय लागतं? ७७० हा आकडा कशाचा?

पान्हापकड

@निळीशाई, फोटो वेगळ्या प्रतिसादात टाकतो, आकार कमी करायचेत.

@चिकित्सक, पाण्यात ७ नॉट आणि रस्त्यावर ताशी ७० मैल, म्हणून ७७०. आपल्या हिशेबात साधारण १३ आणि ११२ किलोमीटर. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कंपनीच्या उत्साहाच्या दिवशीचे समजा. मालकमंडळींत जुना विनोद आहे, की ही पाण्यातली सगळ्यात वेगवान मोटार आहे आणि रस्त्यावरची सगळ्यात वेगवान बोट.

हाती काय लागतं? रस्ता संपतो आणि तुम्ही थांबत नाही. मला तेवढं पुरतं.

रविवारचा_मेकॅनिक

हेराल्डचं इंजिन म्हटल्यावर कान टवकारले. मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड याच घराण्यातली. वाल्व्हचा खुळखुळाट आणि मागून तेलाचा थेंब, दोन्ही खानदानी. इथे थेंब बुडात पडत असणार, म्हणजे पंप सुरू झाला की तळ्यात तेल?

पान्हापकड

बरोबर ओळखलंत. म्हणूनच इंजिनखाली तेल शोषणारी गादी ठेवतो. बोटवाल्यांच्या दुकानात मिळते, तेल धरते आणि पाणी सोडते. शिवाय इंजिन उघडलंच होतं तर मागचं तेलसील आणि सगळी गॅस्केटं बदलली. इंजिनात वेगळं काही केलं नाही. साधं, लोखंडी, समजायला सोपं इंजिन. सुटे भागही मिळतात, कारण हेच इंजिन थोड्याफार फरकाने ट्रायम्फच्या इतर गाड्यांतही होतं. खास ॲम्फिकारचे म्हणावेत असे भागही मिळतात. कारखाना बंद झाल्यावर उरलेला साठा कॅलिफोर्नियात गेला आणि तिथून आजही मालकांना माल जातो. साठ वर्षांच्या गाडीला यापेक्षा जास्त काय पाहिजे?

हॉर्सपॉवर_हवी

३८ घोडे?? अहो, मागे एखादं आजचं दीडशे घोड्यांचं इंजिन टाका की. जागा आहे, वजनही फार वाढणार नाही. पाण्यात उडेल.

पान्हापकड

उडणार नाही, हेच दुखणं आहे. ही बोट पाणी कापत नाही, ढकलते. खाली चार चाकं लोंबकळताहेत, बुडाला घसरगुंडी नाही. ताकद वाढवली की नाक वर येतं, मागची बाजू बसते, समोर पाण्याची भिंत उभी राहते आणि वेग काही हातभरही वाढत नाही. पाण्यावर तरंगत धावायचं तर बुडाचा आकार वेगळा लागतो आणि चाकं वर ओढून घ्यावी लागतात. गिब्ज कंपनीच्या अक्वाडाने ते केलं. २००४ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन त्या गाडीतून इंग्लिश खाडी १ तास ४० मिनिटांत पार करून गेले. ती गाडीच वेगळी.

आणि वजनाचं म्हणाल तर मागे टाकलेला प्रत्येक किलो मागची पाणरेषा वर चढवतो. इंजिनच्या झाकणाला हवेच्या खाचा आहेत. एखाद्या स्पीडबोटीची लाट मागून त्यावर चढली की पुढचं मी सांगायला नको.

हॉर्सपॉवर_हवी

मुद्दा पटला, पण मूळ इंजिनाला देवघरात बसवायची गरज नाही. कित्येकांनी बदललंय आणि गाड्या चालतायत.

पान्हापकड

चालतायत, मान्य. रस्त्यावर चढाला बरं पडतं हेही मान्य. माझं मत एवढंच की जी गोष्ट बिघडलेली नाही ती बदलू नये. बिघडलेलं होतं ते बूड.

नावाडी

मी बोटीवाला, गाड्यांतलं कळत नाही. गळती कशी तपासली? आमच्याकडे बोट पाण्यात सोडून वाट बघतात.

पान्हापकड

आधी अंधार. टरफलाच्या आत दिवे लावले, शेडचे दिवे घालवले आणि खाली झोपून बघितलं. टाक्यात सुईएवढं भोक असेल तर चांदणीसारखं चमकतं. खडूने खूण करायची, उजेडात पुन्हा टाका.

मग पाणी, पण उलटं: बाहेरून नाही, आतून. गाडीला नीट टेकू देऊन आत थोडं पाणी सोडलं आणि खालून कोरड्या हाताने चाचपत गेलो. इथे हात आखडता ठेवा. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आणि हे बूड बाहेरून दाब सोसायला केलंय, आतून नव्हे. घोट्यापर्यंत पाणी पुष्कळ झालं. दिसायला अगदी बारीक भेग असली तरी रात्रभरात खाली टिपूस जमतो. ज्या फटीतून पाणी बाहेर येतं तिच्यातूनच ते आत येणार, हिशेब सोपा.

त्यानंतरच रंग. आतून-बाहेरून इपॉक्सी प्रायमर, आणि बंद पेट्यांत लांब नळीच्या फवाऱ्याने पातळ मेण. ते कोपऱ्याकोपऱ्यांत झिरपतं. सांध्यांवर सीलर लावलाय, पण सीलर हा टाक्याचा पर्याय नाही. सीलरने भोक बुजवणाऱ्या माणसाला गाडी विकायची असते.

रविवारचा_मेकॅनिक

शेवटचं वाक्य फ्रेम करून शेडमध्ये लावण्यासारखं.

बारीक लोखंडी सामानाचा गंज कसा काढला? मी बिजागऱ्या, ब्रॅकेटं वगैरे बादलीत धुण्याचा सोडा कालवून बॅटरी चार्जरने काढतो.

पान्हापकड

तेच केलं. ऋण तार वस्तूला, धन तार भंगार लोखंडाच्या पट्टीला. वाचणाऱ्यांसाठी दोन सूचना: धन बाजूला स्टेनलेस अजिबात लावू नका, पाण्यात क्रोमियमचं विषारी संयुग उतरतं. आणि हे उघड्यावर करा, हायड्रोजन सुटतो.

निळीशाई

दाराचं सांगा ना! दार उघडता येणारी बोट हे माझ्या डोक्यात बसतच नाही.

पान्हापकड

दाराला दोन कड्या आहेत. पहिली नेहमीची, कुठल्याही गाडीसारखी. दुसरी आत, खाली वेगळा दांडा. तो फिरवला की दार चौकटीवर आवळलं जातं आणि रबर दबतं. पाण्यात जाण्याआधी दोन्ही बाजूंचा तो दांडा लागलाय ना, हे बघायचंच. बघणारा ड्रायव्हर. शेजारी बसलेला "लावलाय लावलाय" म्हणतो, त्यावर जायचं नाही.

रबर नवीन बसवताना खडू आणि कागद, एवढ्यावर काम झालं. चौकटीच्या कडेला खडू फासायचा, दार आवळायचं, उघडायचं. रबरावर खडूची रेघ जिथे तुटली तिथे दाब नाही. मग कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावायचं आणि ओढायची. सरकन आली तर तिथली बिजागरी किंवा चौकट थोडी हलवायची. आमच्या डाव्या दाराच्या खालच्या पुढच्या कोपऱ्याने जीव खाल्ला. शेवटी कळलं की दार ठीक होतं, चौकटच कुणीतरी कधीतरी ठोकून वाकवलेली होती.

तरी थोडं पाझरतं. दार ओलं दिसलं म्हणून घाबरायचं नाही. पंप कितीदा सुरू होतो त्यावर लक्ष ठेवायचं. मूळ पंपाशिवाय मी दुसरा लावलाय, तरंगत्या बटणाचा. पाणी ठरावीक उंचीला आलं की आपोआप चालतो आणि समोर डॅशवर दिवा लागतो. दोघांच्या वायरी आणि फ्यूज वेगळे.

नावाडी

हे ऐकून बरं वाटलं. आता माझं पुराण. गाडीवाले पाण्यात गेले की विसरतात ते लिहितो.

एक, पेट्रोलची वाफ. हवेपेक्षा जड, बुडात साचते. रस्त्यावरच्या गाडीत ती खालून निघून जाते, इथे खाली भोकच नाही. आमच्याकडे पेट्रोल इंजिनच्या बोटीत आधी पंखा निदान ४ मिनिटं चालवतात, मग चावी. निदान झाकण उघडून वास घ्या.

दोन, अंगावर लाईफ जॅकेट. सीटखाली ठेवलेलं जॅकेट जॅकेट नव्हे. आणि पाण्यात असताना सीटबेल्ट नको.

तीन, टप खाली. वर छत असेल आणि गाडी बुडू लागली तर माणूस वर तरंगायला जातो आणि छतात अडकतो. अमेरिकेत १९९९ मध्ये आरकान्सातल्या लेक हॅमिल्टनवर युद्धकाळातली डक जातीची जलस्थलचर गाडी पर्यटकांसकट बुडाली, १३ जण गेले. वरचं छत हे एक मोठं कारण होतं.

चार, अग्निशामक, वल्हं, दोरी, छोटा नांगर. इंजिन बंद पडलं की तुम्ही मोटारवाले राहत नाही, वाऱ्यावर चाललेलं टपरं होता.

पान्हापकड

@नावाडी, दंडवत. हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवावा असा आहे. सीटबेल्टचं विशेषतः. मुलांना गाडीत बसलं की बेल्टची सवय असते. रॅम्पच्या तोंडाशी थांबून सगळ्यांचे बेल्ट काढायला लावतो आणि जॅकेटं चढवतो, मगच पुढे.

दिव्यांचंही: पुढे लाल-हिरवा आणि मागे पांढरा, बोटीचे असतात तसे मूळ गाडीतच दिले होते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हिला मोटार म्हणून एक आणि बोट म्हणून दुसरी नोंदणी लागते, नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटीचा क्रमांक लिहितात. ज्याने त्याने आपापल्या तळ्याचे नियम आधी बघावेत.

भोचक

मुख्य प्रश्न कुणीच विचारत नाही. पाण्यात शिरताना नक्की काय करता? वेगात उडी?

पान्हापकड

उडी चित्रपटात. आधी पायी जाऊन रॅम्प बघायचा. शेवाळं किती, आणि काँक्रीट कुठे संपतं. काही रॅम्प पाण्याखाली एकदम तुटतात. चाक त्या कडेवरून उतरलं तर परतताना तीच कडा भिंत होते. एक काठी घेऊन खोली चाचपतो, लोक हसतात, हसू देत.

मग पहिला गीअर, पाण्याचा दांडा पुढे, म्हणजे चाकं आणि पंखे दोन्ही फिरताहेत. माणसाच्या भरभर चालीने आत. नाक खाली जातं, बॉनेटवर थोडं पाणी चढतं, पोटात गोळा येतो (दरवेळी येतो), आणि मग मागची बाजू अलगद उचलली जाते. स्टिअरिंग एकदम हलकं होतं. रस्त्याचा खडखडाट संपतो आणि फक्त इंजिनाची घरघर उरते. आता क्लच दाबून जमिनीचा गीअर न्यूट्रल, पंखे चालू. झाली बोट.

वळणं आळशी असतात. स्टिअरिंग फिरवायचं, मनात चार अंक मोजायचे, मग नाक वळायला लागतं. रिव्हर्समध्ये तर ती स्वतःच्या मर्जीने जाते. थांबायला ब्रेकचा उपयोग नाही, पंखे उलटे फिरवायचे. युद्धातली फोक्सवागन श्विमवागन याबाबतीत आणखी गरीब: तिचा मागचा पंखा फक्त पुढे ढकलायचा, मागे यायला चाकं फिरवावी लागत किंवा वल्हं मारावं लागे.

बाहेर येताना पुन्हा दोन्ही चालू. पंख्यांनी रॅम्पकडे सरळ यायचं, पहिला गीअर टाकून ठेवायचा. चाकं काँक्रीटला लागली की ती स्वतः ओढतात आणि पाण्याने धरून ठेवलेली मागची बाजू पंखे ढकलतात. तिरकं आलात तर एकच चाक धरतं आणि गाडी फिरते. वर आल्यावर ब्रेक नाहीतच असं समजा. चारही ड्रम पाण्याने भरलेले. सावकाश चालवत पाय हलका ब्रेकवर ठेवायचा, लायनर तापून वाळेपर्यंत.

जुनं_ते_सोनं

ब्रेकवरून आठवलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याकडे निळी ॲम्फिकार होती. टेक्सासमधल्या त्यांच्या रँचवर पाहुण्यांना घेऊन ते उतारावरून थेट तळ्याकडे गाडी सोडायचे आणि ओरडायचे, ब्रेक लागत नाहीयेत, आपण पाण्यात चाललो! त्यांचे सहायक जोसेफ कॅलिफानो यांनी स्वतःवर झालेला हा प्रयोग सांगून ठेवलाय. गाडी अजून तिथे रँचवर बघायला ठेवलेली आहे.

अवांतर: जलस्थलचर गाड्यांचा खरा वेडा म्हणजे बेन कार्लिन. ऑस्ट्रेलियन माणूस, युद्धात भारतात होता. बंगालमधल्या कलाईकुंडा विमानतळावर त्याने फोर्डची जीपीए, म्हणजे पोहणारी जीप, बघितली आणि हिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करायची असं ठरवलं. १९५० मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून निघाला, अटलांटिक पार केला, १९५८ मध्ये माँट्रियलला पोचला. गाडीचं नाव हाफ-सेफ, एका घामाच्या वासावरच्या औषधाच्या जाहिरातीवरून! ती आता पर्थच्या एका शाळेत आहे.

भोचक

अर्धवट सुरक्षित. पान्हापकड यांच्या गाडीचं बारसं झालंय का?

चिकित्सक

कार्लिन समुद्रात गेला. मग ॲम्फिकार समुद्रात नेता येते का?

पान्हापकड

लोकांनी नेली आहे. साठच्या दशकात ॲम्फिकारने इंग्लिश खाडी पार झालेली आहे, १९६५ मध्ये दोन गाड्यांनी अलास्कात युकॉन नदी केली. पण माझी गाडी खाऱ्या पाण्यात जाणार नाही. मिठाचं पाणी बंद पेटीत गेलं की कितीही धुतलं तरी मीठ राहतं, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं.

गोड्या पाण्यातही दोन वेगळे धातू एकत्र भिजले की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यातला दुबळा धातू खाल्ला जातो. म्हणून बुडाला बळीचा धातू बांधतात, म्हणजे खायचं ते त्याला खावं. गोड्या पाण्याला मॅग्नेशियम, खाऱ्याला जस्त. हे फक्त पाण्यात बुडलेल्या भागाचं रक्षण करतं; बाहेर उभ्या गाडीला किंवा आतल्या ओलीला त्याचा काही उपयोग नाही. हौसेने सगळे स्क्रू स्टेनलेसचे लावणाऱ्यांनीही जपावं: स्क्रू चकचकीत राहतो, भोवतीचा पत्रा गळून पडतो.

निळीशाई

आणि घरी आल्यावर? धुऊन पुसून झाकून ठेवायची?

पान्हापकड

झाकून अजिबात नाही! इथेच बहुतेक गाड्या मेल्यात. बाहेर आल्याआल्या रॅम्पच्या उतारावर बुडाचं बूच काढायचं आणि किती पाणी निघतं ते डब्यात धरून बघायचं. नेहमीपेक्षा जास्त निघालं तर पुढच्या वेळेआधी कारण शोधायचं. मग दोन्ही झाकणं, दारं, टप उघडं ठेवून वारा खाऊ द्यायचा. सीटच्या गाद्या, खालची चटई बाहेर. तेलकाडी बघायची, तेल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. गीअरबॉक्सचं तेलही तसंच.

आणि ग्रीस. पाण्यातल्या दर ५ तासांनंतर १३ ठिकाणी ग्रीस भरायचं असा कंपनीचाच दंडक आहे, आणि त्यातली एक जागा अशी की मागची सीट काढावी लागते. ज्याने ही जागा निवडली त्याने स्वतः कधी ग्रीस गन धरली नसावी. पण करायचं, कारण हे ग्रीस नुसतं वंगण नाही, ते बेअरिंगमधलं पाणी ढकलून बाहेर काढतं. म्हणून जुनं मळकट ग्रीस कडेने बाहेर येऊन मागोमाग स्वच्छ दिसेपर्यंत दाबायचं. ग्रीस बोटीचं घ्या, पाण्याने धुऊन न जाणारं.

रविवारचा_मेकॅनिक

मग एक प्रामाणिक प्रश्न. इतकी जपायची तर पाण्यात न्यायचीच कशाला? संग्रहालयात ठेवतात तशी कोरडी ठेवली तर शंभर वर्षं टिकेल.

पान्हापकड

इथे मतभेद होणार हे माहीत होतं. कोरड्या शेडमध्ये उभ्या असलेल्या ॲम्फिकारचं सील सुकून कडक होतं, पंख्यांच्या दांड्यावरचं ग्रीस घट्ट होतं, पंप अडकतो. आणि मग कधीतरी मालकाला हुक्की येते, पाहुण्यांसमोर उतरवायची. तो दिवस वाईट असतो. नियमित पोहणारी गाडी मालकाला दर खेपेला काय बिघडतंय ते सांगत राहते. कोरडी ठेवली तर काहीच सांगत नाही.

शिवाय ही गाडी ज्याने चालवलीय त्याला विचारा. ओहायोत सेलायनाला ग्रँड लेक सेंट मेरीजवर दर उन्हाळ्यात मालकांचा मेळावा भरतो. रांगेने गाड्या पाण्यात उतरतात, रंग मूळचेच: पांढरा, लाल, निळा, फिकट हिरवा. काठावर बघे, आणि पाण्यात शेजारच्या गाडीतला माणूस खिडकीतून पाना मागतोय. संग्रहालयात हे नाही मिळत.

जुनं_ते_सोनं

+१. वाचनखूण साठवली. ज्यांना स्वतः न सुधारता बसून बघायचंय त्यांच्यासाठी: फ्लोरिडात डिस्ने स्प्रिंग्जला पैसे भरून ॲम्फिकारमधून फिरवतात.

हॉर्सपॉवर_हवी

इंजिनाचं माझं मत कायम आहे, पण धागा झकास. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

भोचक

चारजण बसतात म्हणालात. तुमच्यासोबत मी आणि दोन मेव्हणे आलो तर चालेल? मेव्हणे दोघेही भरभक्कम.

पान्हापकड

मेव्हणे पुढे-मागे विभागून बसवायचे. दोघेही मागे नाही. मागे आधीच इंजिन आहे, पाणरेषा झाकणापर्यंत नको. आणि पाण्यात असताना कुणी उठून काठावरच्या लोकांना हात करायला एका बाजूला झुकायचं नाही.

भोचक

म्हणजे एक मेव्हणा पुढे. मग मी कुठे?

पान्हापकड

तुम्ही मागे, दुसऱ्या मेव्हण्याशेजारी. हातात डबा धरायचा आणि डॅशवरचा पंपाचा दिवा लागला की मोठ्याने सांगायचं.